हायवेवरचे ट्रेलर, टँकर, डंपर आणि आपली गावं (मुंबई-गोवा महामार्ग)

हातखंबेकर

नमस्कार मंडळी. खड्डे, रखडलेलं काम, टोल यावर इथे पुष्कळ धागे आहेत, त्यात भर घालत नाही. मला फक्त अवजड गाड्यांबद्दल बोलायचंय. हा रस्ता १७ नंबरचा होता तेव्हा दोन लेनचा, वळणावळणाचा होता, गाड्या आपोआप हळू जायच्या. आता ६६ नंबर झाला, बऱ्याच भागात चार लेनचं काँक्रीट झालं, ऐंशी-नव्वदचा स्पीड सहज मिळतो, पण गावं मात्र होती तिथेच आहेत. घर या बाजूला, शाळा, बाजार, एसटीचा थांबा त्या बाजूला, आणि मधून पन्नास टनाचा ट्रेलर.

जयगडहून गॅसचे टँकर, लोटे आणि महाडच्या एमआयडीसीतून केमिकलचे टँकर, उरणच्या बंदरातले कंटेनर, चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) आणि खडीचे डंपर, रात्रीच्या मासळीच्या गाड्या, एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या, हे सगळं एकाच रस्त्यावर आणि त्यातच आपल्या रिक्षा, स्कूटी, ट्रॅक्टर, गुरं. सप्टेंबर २०२२ मध्ये अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर थेट काजळी नदीत गेला, ड्रायव्हर बिचारा गेला, हायवे बंद राहिला. जुलै २०२५ ला रत्नागिरीजवळ आमच्या हातखंब्यालाच टँकर उलटला, वाहतूक कित्येक तास ठप्प, आणि जवळपासच्या घरातल्या लोकांचा जीव टांगणीला. जानेवारी २०२३ ची रेपोलीची पहाट तर कोकणात कोणीच विसरणार नाही, माणगावच्या अलीकडे ट्रकची धडक आणि मुंबईहून गावाकडे निघालेली नऊ माणसं जागच्या जागी गेली.

माझं म्हणणं असं की चूक कोणाची ते पोलीस आणि कोर्ट ठरवेल, पण ट्रकच्या पुढची, मागची आणि डाव्या अंगाची जागा आपल्याला मोकळी दिसते म्हणून आपण तिथे घुसतो आणि माणसं नेमकी तिथेच मरतात. ती जागा मोकळी नसते. ती त्या ट्रकची थांबायची आणि वळायची जागा असते. हे गाडी चालवणाऱ्यांना कळायला पाहिजे आणि रस्ता बांधणाऱ्यांनाही. ज्यांना या विषयातलं खरं माहीत आहे त्यांनी लिहा, ड्रायव्हर असाल तर नक्कीच लिहा.

पळस्पे_फाटा

चांगला धागा काढलात. तुमच्याकडे निदान मधे मधे मोकळा रस्ता तरी मिळतो, आमच्याकडे कळंबोली, पळस्पे, जेएनपीटी रोड म्हणजे चोवीस तास कंटेनरची रांग. कळंबोलीचं लोखंड मार्केट आहे, तिथून सळ्या आणि कॉइल घेऊन ट्रेलर निघतात, सळ्या मागे बाहेर आलेल्या, त्याला एक लाल फडकं बांधलेलं, दिवसा दिसतं, रात्री काही म्हणजे काही दिसत नाही. आणि ऑफिसला जाणारी हजारो माणसं बाईकवर त्याच्याच मागे.

माझा रोजचा रस्ता आहे म्हणून सांगतो, सगळ्यात जास्त भीती वळणावर वाटते. ट्रेलर डावीकडे वळायच्या आधी जरा उजवीकडे जातो, कारण मागची ट्रॉली पुढच्या केबिनच्या रेषेत वळत नाही, आत कापत येते. बाईकवाल्याला वाटतं डावीकडे जागा झाली, तो घुसतो, आणि मग मागची चाकं त्याच्यावर येतात. ड्रायव्हरला त्या क्षणी डाव्या आरशात काहीच दिसत नसतं कारण केबिन वळलेली असते आणि आरसा फक्त स्वतःची ट्रॉली दाखवतो. पनवेलात हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

एक्का_गियर

मी आयुष्यभर ट्रक चालवला, मंगलोर ते मुंबई, आधी सहा टायरी मग दहा टायरी, आता घरी आहे. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, टाईप मुलगा करतोय.

लोकांना वाटतं ब्रेक दाबला की गाडी थांबते. कारचा ब्रेक आणि आमचा ब्रेक वेगळा. आमचा हवेवर चालतो. पाय दाबला की हवा पाईपातून मागच्या चाकापर्यंत जायला क्षणभर लागतो, त्याच्या आधी डोक्यात यायला एक-दीड सेकंद गेलेला असतो. ऐंशीच्या स्पीडला गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. म्हणजे ब्रेकचं लायनर चाकाच्या ड्रमला घासायच्या आधीच गाडी तीस-चाळीस मीटर पुढे गेली, आणि मग भरलेली गाडी कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पन्नास-साठ मीटर. शंभर मीटर धरून चला. पाऊस असेल तर जास्त. जूनचा पहिला पाऊस तर सगळ्यात वाईट, वर्षभराचं ऑइल वर येतं.

आता बघा, मी पुढच्या गाडीपासून शंभर मीटर सोडून चाललोय. कारवाल्याला ती जागा दिसली की तो त्यात घुसतो. मी परत स्पीड कमी करतो, परत जागा सोडतो, परत दुसरा घुसतो. दिवसभर हेच. शेवटी ड्रायव्हर कंटाळतो आणि जागा सोडायचंच बंद करतो. तिथून पुढे नशिबाचा खेळ.

दुसरी गोष्ट, केबिन उंच असते. बंपरला लागून बाईक उभी राहिली सिग्नलला, तर मला ती दिसत नाही. नुसती दिसत नाही असं नाही, आहे याचा अंदाजही येत नाही. माझा चेहरा तुम्हाला आरशात दिसत नसेल तर तुम्ही मला दिसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

चिपळूणचा_बंड्या

काका एकदम कामाचं लिहिलंत, अजून लिहा. घाटात ब्रेक फेल होतात म्हणजे नक्की काय होतं ते सांगा ना, पेपरात नेहमी "ब्रेक फेल झाल्याने" एवढंच असतं. परशुराम घाट, कशेडी, भोस्ते सगळीकडे तेच कारण.

एक्का_गियर

@बंड्या, ब्रेक एकदम फेल होत नाही. तापतो. उतारावर चौथ्या-पाचव्या गियरात गाडी सोडली आणि ब्रेकवर ब्रेक दाबत आलं की ड्रम तापतात, लायनरचा वास येतो, धूर दिसतो, आणि मग पाय कितीही दाबा, पकड नाही. वर सारखं सारखं दाबल्याने टाकीतली हवा पण उतरते. आधीच्या पिढीचा नियम होता, ज्या गियरात घाट चढलास त्याच गियरात उतर. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, वरून एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर कोंडून वेग कमी करणारा), पायाचा ब्रेक फक्त गरजेपुरता.

आता काही पोरं डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडतात. मालकाकडून डिझेल ठरवून मिळतं, वाचलं तर त्याचं. त्यात स्टेअरिंग पण पॉवरवर, हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर. इंजिन बंद केलं तर सगळंच गेलं. घाटमाथ्यावर पाच मिनिटं थांबून हवेचा काटा बघायचा, टायरवर हात मारून बघायचा, ड्रम गरम आहेत का बघायचं. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने घाटात गाडी घालू नये.

चिपळूणचा_बंड्या

म्हणजे पुण्यात नवले पुलावर नोव्हेंबर २०२२ ला झालं ते हेच ना! त्या रात्री एका ट्रकने उतारावर कित्येक गाड्या ठोकल्या होत्या. सुरुवातीला सगळे ब्रेक फेल म्हणत होते आणि मग तपासात आलं की उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन बंद केलं होतं. शहराच्या तोंडाशी लांबलचक उतार आणि खाली ट्रॅफिक तुंबलेलं. आमच्याकडे परशुराम घाट उतरला की तेच चित्र, घाट संपतो आणि लगेच वस्ती, बहादूरशेख नाका, रिक्षा, बाजाराची गर्दी. २०२३ ला त्याच नाक्यावर चालू कामात उड्डाणपूल कोसळला, नशीब तेव्हा खाली कोणी सापडलं नाही. पूल होईपर्यंत सगळी अवजड वाहतूक खालून माणसातूनच जाणार आहे हे कोणी बोलत नाही.

कुडाळची_बाई

मी हायवेलगतच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे झाराप-पत्रादेवीचा भाग खूप आधी चौपदरी झाला, त्यामुळे चार लेन म्हणजे काय ते आम्ही बाकीच्यांपेक्षा जास्त वर्षं बघतोय. मुलांना रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवतो आपण, आधी उजवीकडे बघा मग डावीकडे. पण सातवीतल्या मुलाला लांबून येणाऱ्या ट्रेलरचा स्पीड कळत नाही हो. मोठी वस्तू हळू येतेय असंच वाटतं, मोठ्यांनाही वाटतं. तो म्हणतो लांब आहे, पळत जाऊ, आणि ते लांब म्हणजे चार-पाच सेकंद असतात.

एक दिवस शाळा सुटताना दुभाजकाच्या तुटलेल्या जागेत पोरं उभी होती, अर्धा रस्ता ओलांडून मधे अडकलेली, दोन्ही बाजूंनी गाड्या. एक डंपर इतका जवळून गेला की वाऱ्याने एका मुलीची छत्री उलटी झाली आणि ती रस्त्याच्या बाजूला ओढली गेली, मागच्या मुलाने तिचं दप्तर धरलं म्हणून वाचली. त्या दिवसापासून आम्ही दोन शिक्षक रोज साडेचारला हातात शिट्टी आणि लाल झेंडा घेऊन उभे राहतो. हे आमचं काम आहे का? पण करणार कोण? अंडरपास आहे, तो शाळेपासून लांब आहे आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. पोरं तिकडून जाणारच नाहीत.

गाडीवाला_खेड

माझ्या स्वतःच्या चार गाड्या आहेत त्यामुळे मी दुसऱ्या बाजूने लिहितो, राग मानू नका. प्रत्येक अपघातानंतर लोक ड्रायव्हरला बाहेर ओढून मारतात. तो पळून जातो म्हणून मग शिव्या. जानेवारी २०२४ चा संप आठवतो ना, पंपावर रांगा लागल्या होत्या, तो याच कारणासाठी होता. नवीन कायद्यात अपघात करून न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा असं कलम होतं, ते शेवटी लागू केलं नाही. ड्रायव्हरचं म्हणणं एवढंच होतं की थांबलो तर पब्लिक जीव घेईल. दोन्ही बाजू समजून घ्या.

आणि तासांचं बोलायचं तर १९६१ च्या कायद्यापासून मर्यादा आहे, दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८. रस्त्यावर कोण पाळतं? पार्टी म्हणते माल उद्या सकाळी पोचला पाहिजे, नाहीतर भाडं कापणार. मासळीवाल्याचा बर्फ वितळतो, आंबावाल्याची पेटी वाशी मार्केटला पहाटे लागली पाहिजे. मी माझ्या लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर देतो, भाड्यात मार खातो, शेजारचा एकच देतो आणि काम त्याला मिळतं. ऑक्टोबर २०२५ पासून नवीन ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली ते चांगलं झालं, मे महिन्यात इंजिनवर बसून पंचेचाळीस डिग्रीत माणूस झोपेला येणारच. पण जुन्या गाड्या अजून दहा-पंधरा वर्षं चालणार.

हातखंबेकर

@गाडीवाला, राग कशाला, म्हणूनच तर विचारलं. मारहाण चुकीचीच. पण मग दिवसा गर्दीच्या वेळेला अवजड गाड्या बंद ठेवायला काय हरकत आहे? गणपतीत १६ टनाच्या वरच्या गाड्या बंद ठेवतातच की दरवर्षी, तेव्हा चालतं. मग रोज सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ गावातून का नाही?

गाडीवाला_खेड

गणपतीत सुद्धा दूध, गॅस, पेट्रोल, भाजी याला सूट असते, म्हणजे सर्वात धोक्याचा टँकर तेव्हाही चालूच असतो बघा. आणि दिवसा बंद केलं तर काय होणार, वडखळपासून सावंतवाडीपर्यंत रस्त्याच्या कडेला ट्रकची रांग उभी राहणार कारण थांबायला जागाच नाही. मग आठ वाजता सगळे एकदम सुटणार, अंधारात, झोप न झालेले, वेळ भरून काढायच्या मागे. तुम्ही दिवसाचा अपघात रात्रीवर ढकलताय. आधी ट्रक टर्मिनल द्या, संडास-बाथरूम, जेवण, चार तास सुरक्षित झोपता येईल अशी जागा द्या, मग बंदी घाला, मी पहिला पाठिंबा देईन.

काँक्रीट_आणि_चिरा

सिव्हिलवाला आहे, रस्त्याच्या कामावर होतो, आता नाही. गाडीवाल्यांचं पार्किंगचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. रात्री पार्किंग लाइट न लावता कडेला उभा ट्रेलर हा माझ्या मते चालत्या ट्रेलरपेक्षा मोठा धोका आहे. कार मागून आत घुसते, बोनेट खाली जातं आणि ट्रॉलीची कड थेट काचेच्या उंचीवर येते. एअरबॅग, क्रंपल झोन (धडकेत चेपणारा पुढचा भाग) सगळं बोनेटच्या उंचीला धडक बसेल असं धरून बनवलेलं असतं, इथे धडक बसते डोक्याला. म्हणून मागे खाली आडवा मजबूत बार लावायचा नियम आहे, बाजूलाही. प्रत्यक्षात बघा, कित्येक डंपरना तो बार वाकवून वर बांधलेला असतो, कारण खडी ओतताना अडतो. आरटीओच्या पासिंगला जाताना सरळ करतात, परत आल्यावर वर.

वजनाचं पण सांगतो. २०१८ मध्ये केंद्राने ट्रकचं कायदेशीर वजन वाढवलं, दहा टायरी गाडीचं एकूण वजन २५ वरून २८.५ टन आणि मोठ्या ट्रेलरचं ४९ वरून ५५ टनापर्यंत. एक टनाची कार आणि ५५ टनाचा ट्रेलर एकाच स्पीडला असतील तर ट्रेलरमधली ऊर्जा पंचावन्न पट, आणि स्पीड दुप्पट केला की ऊर्जा चौपट. समोरासमोर धडकेत ट्रेलरचा स्पीड जेमतेम कमी होतो, कारचा मात्र एका क्षणात उलटा होतो. आतल्या माणसाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्यावर ओव्हरलोड असेल तर ब्रेक, टायर, पाटे सगळंच हिशोबाबाहेर.

आणि दुभाजकातल्या तोडलेल्या जागा. हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक पाहिजे, पंपवाल्याला पाहिजे, गावाला देवळात जायचंय, म्हणून रात्रीत दुभाजक फोडतात. तिथून ट्रक यू-टर्न घेतो. पंधरा-सोळा मीटरची गाडी दोन्ही लेन आडवी होते, किमान दहा-पंधरा सेकंद, आणि रात्री बाजूने तिच्यावर ना दिवा ना पट्टी. डिसेंबर २०२४ ला जयपूर-अजमेर हायवेवर काय झालं? गॅसचा टँकर यू-टर्न घेत होता, ट्रक येऊन आदळला, नॉझल तुटलं, गॅस पसरला आणि मागच्या पुढच्या गाड्या रांगेने पेटल्या. बसमधली माणसं सुद्धा.

वेंगुर्ल्याचो_झिलगो

माजो बापूस चिऱ्याचो ट्रक चालवी. तो म्हणी, पाठीमागच्याक दिसलंय नाय तर तू हस नाय. दर रविवारी फडक्यान लाइटी आणि रिफ्लेक्टर पुशी, चिऱ्याची लाल धूळ बसता मा, मगे काय एक दिसणा नाय. आताच्या डंपरांका नंबर प्लेट सुद्धा दिसणा नाय धुळीन. पैशे लागणत नाय ह्येका, फक्त एक फडक्या आणि बादलीभर पाणी.

पळस्पे_फाटा

@झिलगो, बाबांना नमस्कार सांगा. ही गोष्ट खरंच बिनखर्चाची आहे. रिफ्लेक्टर पट्टीचा नियम कोणाला माहीत आहे का नक्की?

गाडीवाला_खेड

पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. पासिंगला बघतात. पण बाजारात हलकी पट्टी मिळते ती एका पावसाळ्यात पांढरट पडते, रात्री टॉर्च मारून बघा, चमकत नसेल तर ती लावून उपयोग नाही. चांगली मिळते, गाडीच्या एका टायरच्या किमतीपुढे काहीच नाही.

सेफ्टी_लोटे

एमआयडीसीत सेफ्टीत काम करतो. टँकरबद्दल लिहितो कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

आधी उलटतात का ते. द्रवाचा टँकर काठोकाठ भरत नाहीत, गॅसला तर फुगायला जागा ठेवावीच लागते. अर्धी भरलेली कळशी डोक्यावर घेऊन माणूस झटकन वळला की पाणी एका बाजूला ढकलतं, तसा आतला द्रव वळणावर बाहेरच्या बाजूला जातो. टाकी उंच असते, वजन वर असतं, त्यामुळे कारला पन्नासला सहज जमणारं वळण टँकरला चाळीसलाच उलटवतं. हातखंबा, निवळी, अंजणारी या सगळ्या जागा उतार अधिक वळण अशा आहेत, हा योगायोग नाही.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला की वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो, व्हाळात (ओढ्यात), गटारात, खालच्या अंगाच्या घरात जाऊन बसतो. दिसतो तो पांढरा ढग म्हणजे गारव्याने झालेलं धुकं, गॅस त्याच्या पलीकडेही असतो. त्यात गाडी स्टार्ट केली, लाइटचं बटण दाबलं, चुलीत विस्तव असला, तरी पुरे. आणि हे केरळात याच रस्त्यावर झालंय, ऑगस्ट २०१२ मध्ये कण्णूरजवळ चाला गावात, तेव्हाचा एनएच १७, गॅसचा टँकर दुभाजकाला धडकून उलटला आणि स्फोट झाला. वीस माणसं गेली, त्यातली बरीचशी रस्त्याकडेच्या घरांतली.

म्हणून टँकर उलटला तर बघायला जायचं नाही. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला आणि उंचावर जायचं. विस्तव विझवायचा, मेन स्विचला हात लावायचा नाही. मोबाइलवर शूटिंग करायचं नाही, लांब जाऊन फोन करायचा. टँकरच्या मागे आणि बाजूला एक चौकोनी पाटी असते, त्यावर चार आकडी नंबर असतो. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १०१७ क्लोरीन. लांबून तो नंबर दिसला तर ११२ वर तेवढा सांगा, फायरब्रिगेडला काय आणायचं ते त्यावरून कळतं. नंबर वाचायला जवळ जाऊ नका.

आणि बादल्या, कॅन घेऊन तेल गोळा करायला कोणी जाऊ नका, पोरांना जाऊ देऊ नका. २०१७ मध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ पेट्रोलचा टँकर उलटला, आजूबाजूचं गाव भांडी घेऊन धावलं, आग लागली, दोनशेच्या वर माणसं मेली. आपल्याकडे उलटलेल्या गाडीतली मासळी, आंबे पळवायला धावणारी गर्दी मी स्वतः बघितलीय, आत ड्रायव्हर अडकलेला असतो आणि लोक पेट्या उचलतात. हे थांबलं पाहिजे.

हातखंबेकर

हा प्रतिसाद प्रिंट करून ग्रामपंचायतीत लावतो. पाटीवरच्या नंबरचं आमच्या वाडीत एकाला सुद्धा माहीत नाही.

रात्रपाळी_सिस्टर

ट्रॉमा वॉर्डला काम केलंय म्हणून थोडं. ट्रकखाली किंवा ट्रकला धडकून आलेला पेशंट बहुतेक वेळा रक्तस्रावाने जातो, पाय आणि कंबर चेंगरलेली असते. अँब्युलन्स येईपर्यंत स्वच्छ कापड, ओढणी, गमछा जखमेवर घट्ट दाबून धरा आणि काढून काढून बघू नका, भिजलं तर वरून दुसरं ठेवा. चाकाखाली अडकलेल्याला हाताला धरून ओढू नका, पाठीचा कणा जातो. पण गाडी पेटली असेल किंवा गॅस असेल तर वेगळं, तेव्हा आधी बाहेर काढायचं. पाणी, चहा पाजू नका, ऑपरेशन लागलं तर त्रास होतो.

१०८ आणि ११२ सगळ्यांना माहीत आहे, हायवेचा १०३३ पण लिहून ठेवा. मदत केली तर पोलीस मागे लागतात ही भीती सोडा, २०१९ च्या दुरुस्तीत मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची सक्ती नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस, आणि ठोकून पळालेल्या गाडीच्या केसमध्ये मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात. घरच्यांना हे माहीतच नसतं, अर्जच करत नाहीत. आमच्याकडे अडचण अंतराची आहे. सावंतवाडीकडचा सिरियस पेशंट गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला न्यायचा, इकडचा कोल्हापूर नाहीतर मुंबई. मी अँब्युलन्समध्ये बसून आंबा घाटात पेशंटचा हात धरलाय, समोर बंद पडलेला ट्रक, मागे रांग, आणि तो मुलगा विचारत होता किती लांब आहे अजून.

चिपळूणचा_बंड्या

सिस्टर... काय लिहू. तुम्ही करता ते काम फार मोठं आहे.

एक विचारायचं होतं. इथे आपण एवढे जण आहोत, धोक्याच्या जागा एकत्र करून कुठे देता येतील का? ऑनलाइन तक्रार करून काही होत नाही हा अनुभव.

काँक्रीट_आणि_चिरा

देता येतील. पण "आमच्या गावात फार अपघात होतात" असा अर्ज दिलात तर फाईलला लागतो, कोणी बघत नाही. ब्लॅक स्पॉटची सरकारी व्याख्याच आहे. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी असे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. तुमच्या पोलीस ठाण्यात माहिती अधिकारात तीन वर्षांची त्या पट्ट्यातली गुन्ह्यांची यादी मागा. तारीख, जागा, गाडीचा प्रकार, मृत, जखमी. व्याख्येत बसलं की तो पट्टा यादीत घ्यायलाच पाहिजे, मग त्यांना नाही म्हणता येत नाही. नाही बसलं तरी अर्ज द्या, पण काय पाहिजे ते नेमकं लिहा. गावाच्या आधी रंबलर (वेग कमी करायला लावणारे उंचवट्याचे पट्टे), दुभाजक बंद करून सर्व्हिस रोड, पादचारी पूल, वळणाच्या आधी टँकरसाठी वेगळा वेगाचा बोर्ड, दिवे.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष ते असतात. प्रत आरटीओ आणि एसपी ऑफिसला. रस्त्याच्या खात्याला द्यायची प्रत जागेप्रमाणे बदलते, पनवेल ते इंदापूर एनएचएआय आणि त्याच्या खाली सार्वजनिक बांधकामची राष्ट्रीय महामार्ग शाखा. चुकीच्या खात्याला गेला की तीन महिने गेले. जागा लिहिताना "देवळाजवळ" लिहू नका, किलोमीटरचा दगड आणि मोबाइलवरचं लोकेशन दोन्ही लिहा.

कुडाळची_बाई

शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापक सही करतील, विचारलं मी आज. पालकांच्या सह्या पण घेते. अंडरपासमधल्या पाण्याचा फोटो जुलैचा आहे माझ्याकडे, तो चालेल का आता पावसाळा नाही म्हणून?

काँक्रीट_आणि_चिरा

चालेल, फोटोवर तारीख असेल तर उत्तमच. शाळा सुटायच्या वेळेला अर्धा तास बसून किती मुलं ओलांडतात आणि तेवढ्यात किती अवजड गाड्या जातात ते मोजून लिहा, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी. असा आकडा अर्जात असला की समितीच्या मीटिंगमध्ये विषय टळत नाही.

एक्का_गियर

हातखंब्याच्या उताराचं एक लिहा त्या अर्जात. बोर्ड वळणावर लावलाय. तिथे वाचून उपयोग नाही, तोपर्यंत गाडी वेगात असते. उतार सुरू व्हायच्या आधी, वर सपाटीला बोर्ड पाहिजे, "अवजड वाहने खालचा गियर टाका" असा, मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये पण, कारण कर्नाटकातल्या गाड्या भरपूर. आणि तिथेच चार गाड्या उभ्या राहतील एवढी कडेला जागा, ब्रेक गार करायला. ड्रायव्हरला थांबायला जागा दिली तर तो थांबतो.

हातखंबेकर

काका, जसंच्या तसं घालतो. गाडीवाले, तुमचं ट्रक टर्मिनलचं पण घालतोय, वेळेच्या बंदीची मागणी सध्या बाजूला ठेवली, तुमचा मुद्दा पटला. माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी पोलीस ठाण्यात देतो. पाली, लांजा, संगमेश्वरकडचे कोणी असतील त्यांनी आपापल्या पट्ट्याचे दगड नंबर इथे टाका, मी एकत्र यादी करतो. फोटो काढायला हायवेवर उतरू नका, सर्व्हिस रोडवरून नाहीतर गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतून काढा.

संगमेश्वरी

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. आमच्याकडे आरवलीच्या पुढे दोन तोडलेले दुभाजक आहेत, एक ढाब्यासमोर, रात्री ट्रेलर तिथेच वळतात. भाऊ उद्या दगड नंबर बघून येईल, संध्याकाळपर्यंत टाकते.